पिवळं पडलेलं मीठ

आमच्या गावाच्या नावातच खार आहे. खारबाव. वसई-दिवा मार्गावरचं छोटं स्टेशन, दिवसाला मोजक्याच गाड्या. एका अंगाला भिवंडीची गोदामं, दुसऱ्या अंगाला खाडीची जमीन. माझे नाना भाईंदरच्या मिठागरात हिशेब लिहायचे, त्यामुळे अम्मीचं लहानपण मिठाच्या राशींभोवती गेलं. आजही खडेमीठ घेताना ती चार खडे तळहातावर घेऊन उजेडात धरते. कुठलं स्वच्छ, कुठल्यात चिखल राहिला, हे ती चव न घेता सांगते.

म्हणून जून २०१९ मध्ये मी तिला सांगितलं, की गुरूच्या एका चंद्रावर मीठ सापडलंय आणि ते पिवळं आहे, तेव्हा ती लगेच म्हणाली, "माती मिसळली असेल."

माती नव्हती. त्या चंद्राचं नाव युरोपा. आपल्या चंद्राहून थोडा लहान, वरून पूर्ण बर्फाने झाकलेला. बर्फाच्या खाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा, असं मानायला सबळ पुरावे आहेत. हबल दुर्बिणीतून त्याच्या ‘तारा रेजिओ’ नावाच्या पिवळसर भागाचा उजेड तपासला, तेव्हा निळ्या रंगाचा एक ठरावीक तुकडा गायब असल्याचं दिसलं. असा तुकडा साधं मीठ खातं, आपल्या वरणातलं मीठ, सोडियम क्लोराइड. पण केव्हा, तर त्या मिठाला किरणोत्साराचा भरपूर मार बसलेला असेल तेव्हा.

मी विज्ञानाचा शिक्षक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएडला माझ्या वाट्याला भाषाच होत्या. पण आमच्यासारख्या शाळांत कुणी रजेवर गेलं की भाषेच्या मास्तरला भूगोलाच्या तासाला पाठवतात, आणि नववीच्या भूगोलात खडक झिजण्याचा धडा असतो. मराठी पुस्तक त्याला ‘विदारण’ म्हणतं, उर्दू पुस्तक ‘फरसूदगी’. मला दुसरा शब्द जास्त आवडतो. फरसूदा म्हणजे वापरून, सोसून जुनं झालेलं. कपडाही फरसूदा असतो आणि विचारही. एकदा हा धडा घेताना वारा, पाऊस, ऊन, झाडांची मुळं असं सगळं फळ्यावर लिहून झालं, तर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, जिथे हवाच नाही तिथे काही झिजत नाही का?" मी दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो, आणि त्या रात्री वाचायला बसलो. या नादाची सुरुवात तिथली.

झिजतं. जिथे वारा नाही, पाणी वाहत नाही, तापमान उणे १६० अंशांच्या आसपास आहे, तिथेही पृष्ठभाग झिजतो, रंग बदलतो, शिळा होतो. ते काम किरणं आणि वेगवान कण करतात. गुरूचं चुंबकीय क्षेत्र प्रचंड आहे. त्यात इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि गंधकाचे कण अडकून फिरत राहतात. हे गंधक शेजारच्या आयो चंद्राच्या ज्वालामुखींमधून उडालेलं. गुरू स्वतःभोवती १० तासांच्या आत एक फेरी मारतो आणि हे सगळं कणांचं वावटळ आपल्याबरोबर फिरवतो. युरोपा मात्र संथ, त्याला गुरूभोवती एका फेरीला ८५ तास लागतात. म्हणजे हे कण त्याला सतत मागून गाठतात. पावसाळ्यात भिवंडी-वाडा रस्त्यावर सायकल चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मागून ट्रक येतो आणि सगळा चिखल पाठीवर. युरोपाचंही तसंच. त्याची पाठीमागची बाजू तांबूस-तपकिरी झाली आहे, समोरची त्या मानाने उजळ आहे. मागच्या बाजूला गंधक बर्फात घुसतं आणि किरणांच्या माऱ्याखाली तिथे चक्क गंधकाम्लाचे बर्फाळ स्फटिक तयार होतात. पिवळं मीठ सापडलं ते समोरच्या बाजूला, गंधकाच्या माऱ्यापासून आडोशाला. म्हणूनच शास्त्रज्ञांना वाटलं, की हे मीठ बाहेरून आलेलं नसावं. ते खालच्या समुद्रातून वर आलेलं असावं.

मीठ पिवळं होतं कसं, हे अम्मीला सांगणं वर्गात सांगण्यापेक्षा कठीण गेलं. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक, रांगेत बसलेले असतात, जुम्म्याच्या नमाजच्या सफीसारखे. वेगवान इलेक्ट्रॉनचा मारा झाला की रांगेतला एखादा क्लोरीन उठून जातो. त्या रिकाम्या जागेत एक भटका इलेक्ट्रॉन येऊन अडकतो. तो अडकलेला इलेक्ट्रॉन निळा उजेड गिळतो, म्हणून उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत केव्हिन हँड आणि रॉबर्ट कार्लसन यांनी २०१५ मध्ये हे करून दाखवलं होतं. हवा काढून घेतलेल्या, युरोपाइतक्या गार केलेल्या पेटीत मीठ ठेवलं आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला. काही दहा तासांत, म्हणजे युरोपावरच्या जवळपास एका शतकाइतक्या माऱ्यानंतर, पांढरं मीठ पिवळट-तपकिरी झालं.

अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते खराब झालं का?"

नाही झालं. ऊब मिळाली, उजेड लागला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि पिवळेपणा उतरू लागतो. मीठ मीठच राहतं.

हे बोलणं झालं ते एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, बाकावर. त्या वर्षी ५ जूनला ईद झाली आणि पुढच्या सोमवारी अम्मीचे शेक सुरू झाले. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आधीच झालं होतं. आमच्याकडे रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. कुणी ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’. बाकावरच्या बायका एकमेकींना विचारायच्या, तुझे किती लाईट झाले? अम्मीला २५ सांगितले होते, आठवड्यातून पाच, शनिवार-रविवार सुट्टी. शाळा १७ जूनपर्यंत बंद, म्हणून पहिला आठवडा मी जात होतो, नंतर धाकट्या बहिणीबरोबर पाळी लावली. खारबावहून मेमूने दिवा, तिथून पुढे लोकल. बाकावर बसून मोबाइलवर वाचायला वेळच वेळ. मिठाची ती बातमी त्याच आठवड्यात आली.

अम्मीचा पहिला आक्षेप भाषेचा होता. "ह्याला शेक का म्हणतात? ऊब तर काहीच लागत नाही." बरोबर होतं. त्या खोलीत दोन-चार मिनिटं यंत्र गुणगुणतं, काही दिसत नाही, काही जाणवत नाही, आणि तीन आठवड्यांनी कातडी उन्हात रापल्यासारखी काळपट होते. तिला त्याचं फार वाईट वाटायचं, बोलून दाखवत नसे. छातीवर शाईने खुणा केल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत अशी ताकीद होती. त्यामुळे आंघोळ म्हणजे कसरत. इतकं जपून पाणी घेणारी अम्मी मी आधी कधी पाहिली नव्हती.

मी वाचत गेलो तसं लक्षात आलं, की तळमजल्यावर आणि युरोपावर जे चाललंय ते मुळात एकच आहे. पाणी फुटतंय.

बर्फ म्हणजे पाणी. वेगवान कण बर्फातून घुसला की वाटेतले पाण्याचे रेणू फुटतात. एक हायड्रोजन एकीकडे, उरलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी दुसरीकडे. ही जोडी फार तापट असते, समोर येईल त्याच्याशी भिडते. अशा दोन जोड्या एकमेकींना भेटल्या की हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, तेच, जखमेवर ओतलं की फेस येतो ते. गॅलिलिओ यानाला युरोपाच्या बर्फावर ते सापडलं आहे. हलका हायड्रोजन उडून जातो, ऑक्सिजन मागे राहतो. जुनो यान सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपाच्या जवळून गेलं. त्याच्या मोजणीवरून २०२४ मध्ये हिशेब मांडला गेला, की या बर्फातून सेकंदाला सुमारे १२ किलो ऑक्सिजन तयार होतो. दिवसाला हजार टन. आधीचे काही अंदाज याच्या कितीतरी पट होते, म्हणून काही मंडळी हिरमुसली. मला तरी हजार टन कमी वाटत नाही.

आणि माणसाची पेशी? तीही बहुतेक पाणीच. शेकाच्या यंत्रातून आलेली किरणं शरीरात इलेक्ट्रॉन मोकळे करतात, ते वाटेतलं पाणी फोडतात, तीच तापट जोडी तयार होते आणि ती पेशीच्या आतल्या डीएनएवर जाऊन आदळते. कर्करोगाच्या पेशींचं नुकसान मोठ्या प्रमाणात असंच होतं. ताकदीचाही फार फरक नाही. यंत्रातले इलेक्ट्रॉन आणि गुरूच्या पट्ट्यांतले वेगवान इलेक्ट्रॉन एकाच पंक्तीत बसतील.

फरक आहे तो मापाचा आणि उसंतीचा. अम्मीला दर खेपेला २ ग्रे, तेही तळहाताएवढ्या भागावर, मिळून ५०. युरोपाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट. ही दोन वेगळी मापं आहेत, पण इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत आकडे सारखेच धरता येतात. तेवढा मारा माणसाच्या अख्ख्या अंगाला एकदाच बसला, तर उपचाराशिवाय निम्मी माणसं महिना-दोन महिन्यांत दगावतील. मग अम्मीच्या एका जागी त्याच्या कितीतरी पट मारा का चालतो? तर तो वाटून दिला जातो म्हणून. रोज थोडा, मध्ये रात्र, आठवड्याला दोन दिवस सुट्टी. निरोगी पेशी त्या वेळात आपली डागडुजी करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना डागडुजी तितकी नीट जमत नाही, त्या मागे पडत जातात. सगळा उपचार त्या मागे पडण्यावर उभा आहे. हे मला एका तंत्रज्ञाने दोन वाक्यांत सांगितलं, हातातला कागद न ठेवता. त्यानंतर शनिवार-रविवारची सुट्टी मला आळशीपणाची वाटेनाशी झाली.

त्याच तंत्रज्ञाच्या खिशाला एक छोटा बिल्ला लावलेला होता. क्ष-किरणांच्या खोलीत काम करणाऱ्या कुणाहीकडे तो दिसेल. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेली ही पद्धत. बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, त्यात डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अंश मिसळलेला. किरणं लागली की त्यात इलेक्ट्रॉन अडकून बसतात, मिठात बसतात तसेच. तीन महिन्यांनी बिल्ला तपासायला जातो, चकती तापवतात, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि चकती क्षणभर उजळते. जितका उजेड, तितका मारा. युरोपावरचं पिवळं मीठ म्हणजे कुणी न लावलेला असा एक बिल्ला आहे. फक्त तो इथे आणून तापवायची सोय नाही. पंचाहत्तर-ऐंशी कोटी किलोमीटरवरून रंग बघून वाचावा लागतो.

ऐकताही येतो, काही अंशी. गुरूभोवती अडकलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना रेडिओ लहरी सोडतात. त्या पकडणाऱ्या दुर्बिणी आपल्या महाराष्ट्रात आहेत, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जाळीच्या, लांबून बघितलं तर उलट्या छत्र्या. भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी तिथून गुरूच्या या पट्ट्यांची निरीक्षणं केली आहेत. तो रेडिओ आवाज युरोपाच्या कक्षेतला नसतो, गुरूच्या अगदी जवळच्या पट्ट्यातला असतो; पण मारा करणारी फौज एकाच जातीची. आणि भिवंडीकरांना मी आवर्जून सांगतो, की खोडदची वाट आपल्या कल्याणवरून गेलेली आहे. गोविंद स्वरूप यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण कल्याणला उभी केली, १९६५ मध्ये. सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या, ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, तिथून आणलेल्या. त्यांनी सूर्याचं निरीक्षण केलं. कल्याण म्हणजे आम्हाला गाडी बदलायचं स्टेशन. वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरांचा विश्वास बसेना.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, शाळांची गर्दी असते. एका वर्षी आम्हीही नववीची मुलं घेऊन गेलो. तबकडीखाली उभं राहून एका मुलाने मला विचारलं, "सर, मुश्तरी म्हणजेच गुरू ना?" उर्दू माध्यमातल्या मुलांना हे दोन आकाशांचं ओझं असतं. पुस्तकात मुश्तरी आणि जुहल, फलकावर गुरू आणि शनी, माहितीपटात ज्युपिटर आणि सॅटर्न. बर्फ मात्र बर्फच. तो शब्द दोन्हीकडे सारखा, एवढाच दिलासा.

शनीकडेही हाच प्रकार आहे, आणि तिथलं एक उदाहरण वर्गात नेहमी चालतं. मिमास नावाचा जेमतेम ४०० किलोमीटरचा चंद्र. कॅसिनी यानाने २०१० मध्ये त्याच्या तापमानाचा नकाशा काढला, तर त्यात जुन्या व्हिडिओ गेममधला तोंड उघडलेला पॅकमॅन दिसला. कारण नंतर कळलं. फार वेगवान इलेक्ट्रॉन बाकीच्या कणांच्या उलट दिशेने सरकतात, म्हणून ते चंद्राच्या समोरच्या बाजूवर आदळतात. तिथले बर्फाचे भुसभुशीत कण त्या माऱ्याने एकमेकांना चिकटतात, जमीन घट्ट होते, आणि घट्ट जमीन दिवसा लवकर तापत नाही. भुसभुशीत भाग दुपारी उणे १८१ पर्यंत ‘तापतो’, घट्ट भाग उणे १९६ वरच राहतो. गुरूच्या गॅनिमिडला मात्र स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे. त्याच्या मध्यपट्ट्याला त्याचा आडोसा मिळतो, मारा मुख्यतः ध्रुवांकडे होतो, आणि ध्रुव उजळ पडले आहेत. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्रही आहे आणि वर जाड हवाही. दुहेरी पदर.

आता अम्मीचं. २ जुलैला पावसाने मुंबई बंद पडली, गाड्या नाहीत, तो शेक बुडाला. तिने फार मनाला लावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, शेवटी एक दिवस वाढेल. १५ जुलैला पंचविसावा झाला. कातडीचा काळपटपणा उतरायला वर्षाहून जास्त लागलं. एक फिकट कडा अजून आहे. तपासण्या चालू आहेत, आतापर्यंतच्या नीट आल्या. तपासणीच्या आदल्या रात्री घरात कुणी नीट झोपत नाही, ते काही बदललेलं नाही.

युरोपालाही डागडुजी आहे, आपल्या पद्धतीची. त्याचा पृष्ठभाग चार ते नऊ कोटी वर्षांचाच मानतात. साडेचार अब्ज वर्षांच्या चंद्रासाठी ही कालची गोष्ट. खालून नवा बर्फ वर येतो, जुना दडपला जातो. आणि किरणांचा मारा खोल जात नाही. खाली कधी काळी सजीव असतील आणि त्यांचे अवशेष बर्फाबरोबर वर आले असतील, तर सर्वांत जास्त माऱ्याच्या भागातही १० ते २० सेंटीमीटर खाली ते टिकू शकतील, असा २०१८ चा एक हिशेब आहे. म्हणजे वीतभर. कमी माऱ्याच्या भागात बोटाच्या पेराहूनही कमी. वर फुटलेल्या पाण्यातून झालेला ऑक्सिजन खालच्या समुद्रापर्यंत पोहोचत असेल, तर तो तिथल्या सजीवांच्या कामीही येईल. पृष्ठभाग उद्ध्वस्त करणारीच किरणं खाली शिधा पुरवत असतील. मला यात काही चमत्कारिक वाटत नाही. आमच्या घरात त्यांचं दुसरं रूप पाहून झालंय.

नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल. ते युरोपाभोवती घिरट्या घालत राहणार नाही, तिथे तितकं टिकणारच नाही. नाजूक यंत्रणा सुमारे सेंटीमीटरभर जाड अॅल्युमिनियमच्या तिजोरीत बसवली आहे. शिवाय ते गुरूभोवती लांबट फेऱ्या मारेल, ४९ वेळा युरोपाजवळून झपकन जाईल आणि पुन्हा माऱ्याबाहेर निघून येईल. निघण्याआधी काही महिने मोठी चिंता उभी राहिली होती: त्यातले काही ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा कमी माऱ्याने बिघडू शकतात, असं कळलं. चार महिने चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा, की दर २१ दिवसांत साधारण एकच दिवस कडक माऱ्याचा असेल, आणि मधल्या वेळात ते ट्रान्झिस्टर बऱ्याच अंशी सावरतील. हे वाचलं तेव्हा मी अम्मीला फोनच केला. ती म्हणाली, "म्हणजे त्यालाही शनिवार-रविवार दिलाय."

मग तिने विचारलं, त्या यानात चव घेणारं काही आहे का, नाहीतर मीठ आहे हे नुसत्या रंगावरून किती दिवस मानायचं? एका अर्थी आहे. युरोपावर बारीक उल्का आदळतात आणि बर्फाचे, मिठाचे कण वर उडतात. क्लिपर त्यांतून जाताना ‘सुडा’ नावाचं उपकरण ते कण झेलेल आणि एकेका कणात काय काय आहे ते सांगेल. अम्मीने तळहातावर चार खडे घेऊन केलं असतं, तेच.